अकरा सामने न धुतलेली जर्सी

आमच्या कार्नहेवन गावाहून निघून दीड तास झाला होता. गोल्फच्या मैदानामागचं फाटक ओलांडून आम्ही पुन्हा समुद्राकाठी उतरलो, आणि तिथे माझ्या शेजारणीने, नेटाने, मला पहिल्यांदा त्या वासाचं सांगितलं. तोवर ती नुसत्या शिव्या देत होती.

शिव्या टॅक्सीला होत्या. शेजारच्या ड्रमगार्थच्या आइस हॉकी क्लबाने तिला तिकडे न्यायला सकाळी टॅक्सी पाठवली होती, आणि चालकाच्या हाती एक भेटही दिली होती. क्लबचा नवा मफलर. लाल-पांढरा, लोकरीचा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत विणलेलं, 'धुवायचं नाही'. नेटाने ते वाचलं. मग मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा तो मफलर दोन बोटांत उचलून तिने चालकाच्या शेजारच्या सीटवर टाकला. "बाळा, तू जा. मी चालत येते," म्हणाली. रविवारी किनाऱ्याची बस नसते. आठ किलोमीटरचा रस्ता, ऑक्टोबरचा वारा आणि हिचं वय अठ्ठ्याहत्तर. मी जिन्याच्या दाराशी उभी राहून बघत होते. वर जाऊन कोट घातला आणि तिच्याबरोबर निघाले.

"वास घामाचा नव्हता," नेटा म्हणाली. "घाम मला कळतो. एकतीस वर्षं वीस-वीस बाप्यांचा घाम धुतलाय मी. घाम आंबट असतो. हा गोडसर होता. नासपती फार पिकली की येतो ना, तसा."

ती काठावरच्या एका दगडाला टेकली. मी पाण्याची बाटली पुढे केली.

"चहा नाही आणलास?"

"घाईत निघाले."

"सव्वीस वर्षं झाली तुला इथे. अजून अक्कल आली नाही."

सव्वीस वर्षं आम्ही एकाच जिन्यात राहतो, ती तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. मागच्या हिरवळीवर कपडे वाळत घालायला प्रत्येक घराचा वार ठरलेला असतो, हे मला आल्या आल्या कुणी सांगितलं नव्हतं. मी मंगळवारी चादरी घातल्या. नेटा खाली आली, माझ्या चादरीचं टोक नाकाशी नेलं आणि म्हणाली, "खळबळून काढत जा नीट. साबण राहिलाय." मग जाता जाता, "आणि मंगळवार माझा असतो." ओळख झाली ती अशी. तिचा नवरा वॉल्टर खाणीत होता, तो मी यायच्या आधीच गेलेला. मूलबाळ नाही. कपडे धुणं एवढंच तिने आयुष्यभर केलं, आणि ते तिच्याइतकं चांगलं करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

धुतले ते 'कार्नहेवन स्टॅग्ज'चे, आमच्या गावच्या आइस हॉकी क्लबाचे. आता तो क्लब 'ड्रमगार्थ स्टॅग्ज' म्हणवतो आणि नावाखाली 'स्थापना १९३८' असं लिहितो. अडतीस साली ड्रमगार्थमध्ये बर्फ फक्त मासळीच्या पेट्यांत होता. रिंक, म्हणजे खेळायचं बर्फाचं मैदान, बांधली कार्नहेवनच्या लोकांनी, एकेका पौंडाचे भाग घेऊन. कोळिणींनी घेतले, मेणकापडाच्या गिरणीतल्या बायकांनी घेतले. युद्धात कॅनडाचे वैमानिक तिथे खेळायचे आणि गावातल्या पोरांना शिकवायचे. मग पैसे संपले, सात वर्षं त्या बर्फाच्या जागी बटाट्यांची पोती रचून ठेवलेली होती. पुन्हा रिंक सुरू झाली ती गावाच्याच वर्गणीतून. शहाण्णव साली छत गळायला लागलं, तेव्हा क्लबची मालक मंडळी नाव, कप, खेळाडू सगळं उचलून ड्रमगार्थच्या नव्या इमारतीत गेली. आमच्या रिंकच्या जागी गाड्या उभ्या करायची जागा झाली. गावाचं नाव पुसलं, वर्ष तेवढं ठेवलं. मला त्यांचा खेळ कधी कळला नाही, पण एवढी गोष्ट कळते, आणि ती आठवली की तोंड कडू होतं.

नेटाची धुण्याची खोली रिंकच्या मागे, बॉयलरला लागून होती. ज्याने हॉकीवाल्यांचं सामान उघडं झालेलं पाहिलं नाही त्याला तिथला वास सांगून कळायचा नाही. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते, एकदा मुलांबरोबर त्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले होते. चामड्याचे ओले हातमोजे, आंबलेले पायमोजे, आणि कोपऱ्यात कुणीतरी थुंकून ठेवलेलं. मी पदराने, म्हणजे मफलरने, नाक धरून बाहेर आले ते दोन दिवस जेवणावर वासना नव्हती. आणि हे लोक त्याचा अभिमान बाळगतात.

त्यांची एक रीत आहे. संघ जिंकत असला की काही बदलायचं नाही. दाढी करायची नाही, डावा बूट आधी घालत असाल तर डावाच आधी, आणि गोलरक्षकाचं काही धुवायचं नाही. हरेपर्यंत. धुतलं की नशीब धुतलं जातं म्हणे. मी सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढले. आजीच्या सोवळ्याला हात लागला म्हणून मार खाल्लेला आहे. पण निदान ते धुतलेलं असायचं. हे घाणीचं सोवळं मी इथेच पाहिलं.

"एकोणऐंशी साल," नेटा चालू लागत म्हणाली. "नाताळापासून आम्ही हरलोच नाही. गोलरक्षक होता ड्रू लेसल्स. छपरांवर स्लेटच्या फरशा बसवायचा दिवसा. तेवीस वर्षांचा. दात पडलेले, पण हसायचा तोंड भरून. 'नेटाबाई, माझ्या मोज्यांचं लग्न लावून द्या, त्यांना पाय फुटलेत,' म्हणायचा."

"धुवायचे नव्हते म्हणून?"

"तिसऱ्या सामन्यानंतर टॅम हॅगर्टने माझ्या दारावर कागद लावला. टॅम संघाचा व्यवस्थापक, आणि ड्रूच्या पाठीवर एक नंबर. 'एक नंबरचं काहीही धुवायचं नाही. हुकमावरून.' मी म्हटलं, टॅम, लाज आहे का तुला. तर म्हणाला, लाज आहे, पण कपही पाहिजे."

वाटेत शेवाळलेले दगड होते. ती माझा हात धरून उतरली, खाली आल्यावर लगेच सोडला.

"सहाव्या की सातव्या सामन्यात त्याच्या डाव्या मनगटावर खेळातली रबरी चकती बसली. हातमोजा संपतो आणि वरचं पॅड सुरू होतं, तिथे चार बोटं जागा उघडी असते. साधं खरचटलं. पण जर्सीची बाही तिथेच घासायची. आठव्या सामन्यानंतर मी जर्सी खुंटीवर लावत होते, तर बाहीचं टोक कडक. खरकटं वाळावं तसं. आणि तो वास."

"मग तू काय केलंस?"

"टॅमला नेऊन दाखवली. त्याने नाकाला लावली, खरंच लावली, आणि म्हणाला, 'नेटा, हा जिंकण्याचा वास आहे.' बाकीचे हसले. ड्रूसुद्धा हसला."

"आणि तू?"

नेटा पुढे चालत राहिली. उजवीकडे ओहोटीचं काळं पाणी होतं आणि त्यात एक बगळा उभा होता.

"मी ती परत खुंटीवर लावली," ती म्हणाली. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पोरी. मला वास आला होता, आणि मी ती परत खुंटीवर लावली. अजून तीन सामने."

अकरावा सामना जिंकल्यावर ड्रूला बर्फावरून उचलून न्यावं लागलं. दंडावर काखेपर्यंत लाल रेघ चढली होती. पाचव्या दिवशी तो इस्पितळात वारला. रक्तात विष पसरलं होतं.

बातमी कळली त्या सकाळी नेटाने बॉयलर पेटवला आणि ती जर्सी उकळली. तीनदा उकळली. का, ते तिलाही सांगता येत नाही. "हात दुसरं काही करेनात," म्हणाली. दारावरचा कागदही तिने फाडून बॉयलरमध्ये टाकला, कारण त्याच्याकडे बघवेना. संध्याकाळी क्लबची समिती बसली तेव्हा तारेवर पांढरीशुभ्र जर्सी वाळत होती आणि हुकमाचा पुरावा जळून गेला होता. समितीने वहीत लिहिलं, 'कपड्यांच्या धुलाईतील हयगयीमुळे मृत्यू'. ड्रूच्या आईलाही तसंच सांगितलं. ती बाई नेटाच्या दारात आली, "तूच का ती," एवढंच म्हणाली आणि गेली. त्यानंतर एकोणीस वर्षं दोघी एकाच खाटकाच्या दुकानात रांगेत उभ्या राहायच्या, एक शब्द नाही. आणि नेटा त्याच क्लबचे कपडे धूत राहिली. हे मला समजत नव्हतं, म्हणून विचारलं.

"सोडलं असतं तर म्हणाले असते, बघा, खाल्लं मनाने," ती म्हणाली. "आणि मी नसते तर त्यांनी पुढच्या पोरालाही तसंच सडवलं असतं. त्या दिवसानंतर माझ्या खोलीत न धुता एक चिंधी राहिली नाही. टॅमने एकदा तोंड उघडलं होतं. मी त्याच्या अंगावर उकळत्या पाण्याचं भांडं धरलं. पुन्हा नाही बोलला."

आता क्लब आपल्या इतिहासाचं पुस्तक काढत होता. छापायला देण्याआधी चिटणीसाने जुन्या लोकांना त्यांची त्यांची पानं बघायला पाठवली होती. नेटाच्या पानावर समितीच्या वहीतलं ते वाक्य तसंच होतं. तिचं नाव नव्हतं. पण कार्नहेवनमध्ये धुणारी एकच होती. ते वाक्य बदलून घ्यायला ती निघाली होती.

ड्रमगार्थची इमारत बाहेरून पत्र्याच्या गोदामासारखी दिसते. आत शिरल्या शिरल्या काचेचं कपाट आणि त्यात एक नंबरची जर्सी, छातीवर मोठा तपकिरी डाग, वरून दिव्याचा झोत. खाली पाटी, 'अकरा विजयांची न धुतलेली जर्सी'. सामन्याला आलेली माणसं आत जाताना त्या काचेला हात लावत होती. आपण देवळाच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो ना, अगदी तसं. एका बापाने पोरीला कडेवर उचलून तिचा तळवा काचेवर टेकवला. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि मान फिरवली.

नेटा मात्र जवळ गेली. चष्मा लावून डागाकडे बघत राहिली.

चिटणीस आला. ॲलिस्टर पुलर नाव, पन्नाशीचा, घरं विकायचा धंदा, आवाज लोण्यासारखा. "मिसेस इम्री, चालत कशाला आलात? आमचा जीव टांगणीला लागला होता."

"हा चहाचा डाग आहे," नेटा म्हणाली.

"काय म्हणालात?"

"चहा. दुधाचा. तोही छातीवर. त्याचं दुखणं मनगटावर होतं. आणि खरी जर्सी मी उकळली, ती त्याच्या आईने त्याला पुरताना घातली. मी एकतीस वर्षं डाग काढलेत, पुलर. मला चहा कळतो."

त्याने आजूबाजूला बघितलं. मग आवाज आणखी मऊ केला. "हॅगर्टसाहेबांच्या मुलाने दिली आम्हाला. अहो, लोकांची भावना असते. खरी-खोटी कोण विचारतं."

त्याने आम्हाला त्याच्या खोलीत नेलं. चहा आला, बिस्किटं आली. मी बिस्किटाला हात लावला नाही. मेजावर पुस्तकाची पानं पसरली होती. नेटाने पिशवीतून आपलं पान काढलं, त्याच्या मागे तिने दोन ओळी लिहून आणल्या होत्या. तिने वाचून दाखवल्या. "'संघ जिंकत असताना एक नंबरचे कपडे धुवायचे नाहीत असा क्लबचा हुकूम होता. नेटा इम्रीला वास आला होता, तरी तिने तो हुकूम पाळला.' एवढंच घाला. नाव घाला माझं."

पुलर कपाळ चोळत राहिला. "मिसेस इम्री, हे आनंदाचं पुस्तक आहे. हुकूम कुठे लिहिलेला सापडत नाही. हॅगर्टसाहेब गेले, त्यांची नातवंडं आमच्या लहान मुलांच्या संघात आहेत. आणि दोन हजार मफलर विणून आलेत."

"ते विकत घेणाऱ्यांना नाक नाही का? वास येत नाही?"

"मी एक करतो," तो म्हणाला, जणू पदरचं काही देत होता. "धुलाईचं ते वाक्यच काढून टाकतो. 'अल्पशा आजाराने' असं लिहितो. तुमच्यावरचा डाग गेला. तुमचाही प्रश्न मिटला, आमचाही."

मला वाटलं, घ्यावं हे नेटाने. चाळीस वर्षांचं ओझं आहे. मी तिच्या बाहीला हात लावला.

"आजारी नव्हता तो," नेटा म्हणाली. "सडला होता. आजार लिहिलात की ड्रूला कुणीच मारलं नाही असं होईल. ते मला नको. माझ्या ओळी घालणार नसाल तर आहे तेच ठेवा."

"पण त्यात दोष तुमच्यावर येतो."

"येऊ दे. निदान घाणीने मेला एवढं तरी त्यात आहे. ज्याला नाक आहे तो विचारेल, की मग ते मफलर कसले."

तिने पान घडी करून पिशवीत टाकलं. पुलर उठून उभा राहिला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला. खरंच त्याला वाटत होतं की तो काहीतरी चांगलं बोलतोय. म्हणाला, "तुम्ही आमच्याच आहात, मिसेस इम्री. तुमचं जवळचं कुणी नाही, आम्हाला ठाऊक आहे. वेळ येईल तेव्हा क्लब सगळं बघेल. समिती शवपेटीच्या दोऱ्या धरेल, पेटीवर क्लबचा मफलर घालू, पुढच्या सामन्याआधी एक मिनिट टाळ्या. थाटात पाठवू तुम्हाला."

नेटाने हात सोडवून घेतला आणि कोटाला पुसला. त्याच्या देखत पुसला.

बाहेर आलो तेव्हा वारा समोरून होता. तिला थोडं बसायचं होतं. बस थांब्याच्या बाकावर बसलो, बस नव्हतीच. आत भोंगा वाजला आणि लोक ओरडले.

"टाळ्या," नेटा म्हणाली. "मेल्यावर टाळ्या. सर्कशीतलं माकड आहे का मी."

मी म्हटलं, "सोड. घरी जाऊन मुगाची खिचडी टाकते. तुझ्यात मिरची नाही घालत."

"तुझ्या खिचडीत मिठाशिवाय काही नसतं." मग थोड्या वेळाने, "ड्रूला पुरताना एक नंबरची दोरी कुणी धरली होती, माहितेय?"

इथे पेटी खड्ड्यात उतरवताना तिला आठ दोऱ्या असतात. कुणी कुठली धरायची त्याच्या चिठ्ठ्या आधी वाटतात. एक नंबरची डोक्याशी, ती सगळ्यात जवळच्या माणसाची.

"बाप नव्हता ना त्याला," नेटा म्हणाली. "टॅम हॅगर्टने धरली. मी दूर भिंतीपाशी उभी होते, बायकांत. त्याचे हात बघत होते मी. नीट, जपून सोडली त्याने दोरी. मला वाटलं, एवढं जपून आधी वागला असता तर."

मी पाण्याची बाटली उघडून तिच्यापुढे केली.

"माझी एक नंबरची तू धर," ती म्हणाली.

"मी?" मी म्हटलं. "नेटा, आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. माझ्या आईच्या वेळीही मी दारातूनच परत फिरले. मी बाई आहे."

"मीही बाईच आहे. पण मला जावं लागणार आहे."

ती हसली नाही. पिशवीतून तेच पान काढलं, मागच्या बाजूच्या तिच्या त्या दोन ओळींखाली पेन्सिलीने आकडे घालून नावं लिहायला लागली. आठांतली चारच नावं तिला सुचली. एक, मी. दोन, खाटकाची मुलगी शोना. तीन आणि चार, वॉल्टरचे दोन पुतणे, आले तर. बाकीचे आकडे नुसतेच लिहिले.

"उरलेल्या दोऱ्या अंत्यविधीवाल्यांची माणसं धरतील, ते पगारी असतात, त्यांचं काही नाही," ती म्हणाली. "समितीतला एकही मनुष्य फाटकाच्या आत नको. पुलर मफलर घेऊन येईल, तो फाटकातूनच परत पाठव. त्याच्याशी भांडू नकोस, तुला इंग्रजीत भांडता येत नाही, नुसती लाल होतेस. हा कागद दाखव. आणि हातमोजे घालून ये. दोरी नवी असते, हाताला घासते, जराशी साल निघाली तरी घरी गेल्याबरोबर साबणाने धुऊन टाक. धुशील ना?"